डोंग्यावर परतलेला माणूस आणि आमचा मामा तलाव

पऱ्ह्यांची जागा नांगरून ठेवली आहे, पाऊस अजून दूर आहे, म्हणून या खेपेला बांधीतला विषय सोडून पाळीवर चढतो. पाळीच्या अलीकडे आपलं धान आणि पलीकडे तलाव. धानाबद्दल आपण इथे पुष्कळ बोलतो. तलावाबद्दल बोलतो ते फक्त पाणी कमी पडलं की.

आमच्या पट्ट्यात, म्हणजे भंडारा-गोंदियाच्या बाजूला, गेल्या काही वर्षांत एक गोष्ट दिसू लागली आहे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी ढिवर मोहल्ल्यातली जी पोरं नोकरीला बाहेर पडली, ती आता अठ्ठावन्नच्या घरात आली. कोणी चपराशी झाला, कोणी चौकीदार, कोणी नागपूरकडे कारखान्यात लागला. रिटायरमेंट जवळ आली की माणूस गावाकडे घर दुरुस्त करतो, हे सगळीकडचं. पण यातले काही जण घराआधी डोंगा दुरुस्त करतात. आमच्या गावच्या एका काकांनी तेच केलं. नोकरीची दोन वर्षं बाकी असताना ते सुट्टी काढून यायचे आणि पहाटे पाण्यावर असायचे. आता पूर्णच आले आहेत.

यात लिहिण्यासारखं काय, असं कोणी म्हणेल. आहे ते असं की या माणसांनी तलाव एका अवस्थेत सोडला आणि दुसऱ्या अवस्थेत पाहिला. मधली वर्षं आपण रोज पाळीवरून ये-जा केली, त्यामुळे आपल्याला बदल दिसला नाही. त्यांना एकदम दिसला. काका पहिल्याच दिवशी बोलले, "भाऊ, तरा सोडून गेलो तवा पान्यात बूड दिसे. आता नुसतं हिरवं दिसते." हे कसं झालं ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे सहा-सात हजार तलाव आहेत. त्यातले बरेचसे दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वीचे किंवा त्याहून जुने. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने ते बांधले. जो तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखालची जमीन, अशी राजाची रीत होती असं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. नवेगावबांधचा मोठा तलाव कोलू पाटील कोहळीने बांधला, ही गोष्ट तर गोंदिया जिल्ह्यातलं लहान पोरही सांगेल. कोहळ्यांना ऊस लावायचा होता, धान पिकवायचं होतं. जमिनीचा उतार बघायचा, दोन टेकड्यांमधला किंवा नाल्याचा गळा शोधायचा, तिथे मातीची पाळ घालायची. वर जंगल, मध्ये पाणी, खाली बांध्या. आजचा इंजिनीअर लेव्हल लावून जे करतो ते त्या लोकांनी डोळ्याने आणि वाहत्या पाण्याने केलं.

1861 साली इंग्रजांनी मध्य प्रांत केला आणि नंतरच्या बंदोबस्तात गावच्या पाटलाला मालगुजार म्हणून जमिनीचा मालकी हक्क दिला. सारा गोळा करून भरायचा आणि गाव आपल्या नावावर. तलावही त्याच्याच नावावर गेला. पण वापराचे हक्क गावाकडे राहिले, त्याला निस्तार म्हणतात. गुरांना पाणी, बांधीला पाणी, जंगलातला लाकूडफाटा, हे सगळं निस्तारात. बदल्यात पाळ दुरुस्त करायला घरटी माणूस जायचा. उन्हाळ्यात गाळ निघायचा आणि बांधीत पडायचा. आपण आता ज्याला सेंद्रिय कर्ब म्हणतो तो असा फुकटात शेतात येत होता.

तलावाचा इतिहास कोणी लिहिला की तो बहुतेक इथपर्यंतच येतो. राजा, कोहळी, मालगुजार, सिंचन. पाण्यावर जो माणूस रोज होता त्याचं नाव येत नाही. ढिवर हा तलावाचा दुसरा वारस. मासोळी त्याची, शिंगाडा त्याचा, कमळाचा कंद त्याचा. पण हे काही प्रेमाने दिलेलं दान नव्हतं. मालगुजाराच्या घरी पाणी भरायचं, पाहुणा आला की पालखी उचलायची, मासोळीतला वाटा वाड्यावर पोचवायचा, तेव्हा तलावात जाळं टाकता यायचं. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाणारे लेख मी वाचतो तेव्हा मला हे आठवतं. आमच्या गावातल्या म्हाताऱ्या ढिवर माणसांना मालगुजारी परत नको आहे. तलाव परत हवा आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डोंगा म्हणजे एकाच झाडाच्या बुंध्यातून कोरलेली नाव. रुंदीला जेमतेम एक माणूस बसेल एवढी. नवा माणूस पाय ठेवला की उलटतो. वल्ह्यापेक्षा बांबूचंच काम जास्त, कारण हे तलाव उथळ. बांबू बुडाला टेकवून ढकलायचं. यातली खुबी अशी की बांबू प्रत्येक वेळी तळाला लागतो. चिखल किती आहे, कुठे कडक आहे, कुठे गवत आहे, कुठे झरा असल्यासारखं गार लागतं, हे हाताला कळत राहतं. काकांचे वडील बांबूवर चढलेल्या चिखलाच्या वासावरून सांगायचे की इथे मरळ राहील की नाही. आपण माती परीक्षणाला नमुना पाठवतो, तसा त्यांचा नमुना दिवसातून शंभर वेळा निघायचा.

मग 1950 चा कायदा आला. त्या वेळी आपण जुन्या मध्य प्रदेशात होतो, नागपूर राजधानी होती. मालगुजारी गेली, 31 मार्च 1951 पासून गावं आणि तलाव सरकारजमा झाले. झालं ते योग्यच. पण तलाव सरकारचा झाला आणि पाळीवर जाणारा घरटी माणूस थांबला. निस्ताराचं पाणी फुकट की त्यावर पट्टी, हा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. 1956 ला आपण मुंबई राज्यात आलो, 1960 ला महाराष्ट्रात. 1962 ला जिल्हा परिषदा झाल्या आणि 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे गेले. म्हणजे बारा वर्षांत तलावाने तीन राज्यं आणि दोन-तीन खाती पाहिली. जमीन महसूलची, पाणी सिंचनचं, मासोळी मत्स्यव्यवसायची, वरचं जंगल वनखात्याचं. एकाच पाण्याच्या चार फायली झाल्या.

याच सुमारास मासोळीतही मोठी उलथापालथ झाली आणि ती आपल्या कृषीच्या मंडळींना माहीत असावी म्हणून जरा सविस्तर लिहितो. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदीकडचे मासे. ते वाहत्या, चढत्या पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या तलावात वाढतात चांगले, पण तिथे पिल्लं देत नाहीत. त्यामुळे पूर्वी यांचं बीज नदीतून गोळा करून कलकत्त्याकडून रेल्वेने यायचं. 10 जुलै 1957 रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पिट्यूटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांचं प्रजनन करून दाखवलं. त्या दिवसाची आठवण म्हणून 10 जुलै आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन आहे. आपल्याकडे हरितक्रांतीत जे बियाण्याचं झालं तेच इथे झालं. हॅचरी आल्या, मत्स्यजिरे, मत्स्यबीज, बोटुकली हे शब्द आले. पुढे चायनीज माशांची भर पडली, गवत्या आणि चंदेऱ्या. मिश्र शेतीचं पत्रक आलं, कटला 40 टक्के, रोहू 30, मृगळ 30, हेक्टरी 5,000 बोटुकली. सहकारी संस्था झाल्या, तलाव ठेक्याने मिळू लागले.

उत्पादन वाढलं, हे मान्य करायलाच हवं. ज्या घरात पावसाळ्यात चूल पेटत नव्हती तिथे एकरकमी पैसा दिसला. काकांचं शिक्षण त्याच पैशावर झालं, ते स्वतः सांगतात. मी या मासोळीच्या विरोधात नाही.

पण एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. मरळ, मागूर, शिंगी आणि बारीक खवल्यांची गावठी मासोळी ही रोज थोडी थोडी, वर्षभर, डोंग्यावरून धरायची मासोळी. कुठे गरी लावायची, कुठे बांबूचा सापळा ठेवायचा, हे ज्याचं त्याला ठाऊक. कटला-रोहूची तऱ्हा वेगळी. पावसाळ्यात बोटुकली सोडायची, उन्हाळ्याच्या तोंडी पंधरा-वीस जणांनी मोठं ओढजाळं लावायचं, दोन-तीन दिवसांत तलाव खाली करायचा आणि व्यापाऱ्याचा टेम्पो भरायचा. मधले आठ-दहा महिने पाण्यावर रोज जायचं कारणच उरलं नाही. राखणदार असतो तो पाळीवर बसतो, डोंग्यात नाही. डोंगा कुजला तर नवा करायला आख्खं झाड पाहिजे, त्याला परवानगी पाहिजे. म्हणून ट्रकच्या ट्यूबा आल्या, पत्र्याची नाव आली, तंगुसाचं जाळं आलं. ट्यूबवर बसून काठाकाठाने जाता येतं, पण बुडाचं काही कळत नाही.

तेव्हा तलावाची जाण गेली ती पाळ फुटल्याने नाही आणि मालगुजारी गेल्याने तर नाहीच. पाण्यावर रोज जाणारा माणूस पाण्यावरून उतरला, तिथे ती तुटली. हे माझं मत आहे. सिंचनवाल्यांना आणि काही मत्स्यवाल्यांना ते पटणार नाही.

काका गेले ते या उतरण्याच्याच काळात. ओढजाळ्याला पंधरा माणसं लागतात आणि मोहल्ल्यात जवान पोरं तीसच्या वर. वाटा पातळ होत गेला. तेव्हा एक नोकरी चालून आली, ते गेले. भावाने सभासदत्व सांभाळलं.

आता ते परत आल्यावर त्यांनी काय पाहिलं ते सांगतो. पहिलं, काठावर बेशरम. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं, कुंपणाला आणि शोभेला आलं आणि तलावांच्या उथळ कडा गिळून बसलं. मरळ घरटं करते ते नेमकं या उथळ कडेला, गवत आणि पाणवनस्पती बाजूला सारून. नर-मादी दोघं पिल्लांवर राखण ठेवतात. लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर हलताना दिसला की खाली आईबाप आहेत असं समजायचं आणि तिथे गरी टाकायची नाही, हा मोहल्ल्याचा जुना नियम. बेशरमाच्या दाट मुळांत ना ते गवत राहिलं ना ती जागा.

दुसरं, चढणीचे मासे. पहिल्या जोराच्या पावसात सांडवा वाहतो आणि खालची मासोळी उलटी वर चढते, बांध्यांमधून, नाल्यांमधून, अंडी द्यायला. लहानपणी आपण सगळ्यांनी बांधीत हाताने मासे धरलेत. आता किती जणांच्या पोरांनी धरलेत? याला मोठं कारण आपण आहोत, धानवाले. गादमाशी आणि खोडकिडा हे आमच्या भागाचं जुनं दुखणं, साकोलीच्या संशोधन केंद्राने गादमाशीला तोंड देणारे वाण शोधण्यात वर्षं घातली. पण शेतकऱ्याच्या हाताला सोपं पडलं ते फोरेटचं दाणेदार औषध. रोवण्यानंतर मुठीने फेकायचं आणि मोकळं व्हायचं. फोरेट माशाला फार जहाल. ज्या पाण्यात ते पडलं तेच पाणी बांधीतून नाल्यात उतरत होतं आणि त्याच वेळी मासोळी तिथून वर येत होती. 2018 च्या अधिसूचनेने 31 डिसेंबर 2020 पासून फोरेट पूर्ण बंद झालं. आता दुकानात दुसरी दाणेदार औषधं आहेत. माझं एवढंच म्हणणं आहे की दाणेदार टाकलं तर बांधीचं पाणी निदान आठवडाभर बाहेर जाऊ देऊ नका. बांध पक्का करा, मूस बंद ठेवा. औषधही शेतातच राहील, फुकट वाहणार नाही. कामगंध सापळे लावून खोडकिड्याचे पतंग मोजले तर निम्म्या वेळा औषधाची गरजच पडत नाही, हा माझा स्वतःच्या चार एकरांतला अनुभव.

तिसरी गोष्ट तुडुमाची, आणि खरं भांडण इथेच आहे. तुडुम म्हणजे तलावातून पाणी सोडायची जुनी दगडी रचना. पायऱ्यांसारखे दगड, प्रत्येक पायरीला भोक, भोकाला लाकडी खुंटी. पाणी उतरत जाईल तशी खालची खुंटी काढायची. आमच्या तलावाला सगळ्यात खालच्या भोकाखालीही पाणी उरत असे. ते गुरांचं, शिंगाड्याचं आणि मासोळीचं. कोणी ठराव केलेला नव्हता, दगडच तसा बसवला होता. नंतर दुरुस्तीत तुडुम काढून लोखंडी गेट बसलं, ते जवळजवळ तळाशी. आता पाणी किती ठेवायचं हे दगड ठरवत नाही, गेटचं चाक फिरवणारा ठरवतो. आणि आपल्यापैकी काही जण उन्हाळी धान घेतात. धान निसवायला लागलं की कोण थांबतो? मागच्या दोन उन्हाळ्यांत तलावात गुडघाभर पाणी राहिलं. त्यात जी गावठी मासोळी राहिली तीच पुढच्या पावसाळ्याचं बियाणं, आणि ती तेवढ्यात कावळ्या-बगळ्यांनी आणि पोरांनी संपवली.

काकांनी संस्थेच्या मीटिंगमध्ये हा विषय काढला तेव्हा जे झालं ते सोपं नव्हतं. एक तरुण सभासद उठून म्हणाला, "काका, तुमाले पेन्शन हाये. तुमाले मरळ पाह्यजे, आमाले पैसा पाह्यजे. आमच्या वाट्यात कायले येता?" मला तो पोरगा चूक वाटला नाही. बोटुकलीचे पैसे त्याने कर्ज काढून भरलेत. मरळ पुन्हा वाढली तर ती त्याची बोटुकली खाईल, ही भीतीही खोटी नाही, मरळ शिकारी मासा आहे. काकांचं उत्तर असं की बोटुकली मोठी करून सोडा, बोटभर नाही, वीतभर. मरळीच्या तोंडात जाणार नाही. आणि मरळीचा भाव बाजारात कटल्याच्या किती वर आहे ते तुम्हीच सांगा. मरळ, मागूर हवेतून श्वास घेतात, कमी पाण्यात जिवंत राहतात, जिवंत विकल्या जातात, म्हणून भाव.

शेवटी ठरलं ते असं. काका ओढजाळ्यात वाटा घेणार नाहीत. डोंग्यावरून फक्त गरी लावतील, संस्थेच्या मासोळीला हात नाही. बदल्यात तलावाची दक्षिणेची कड, जिथे बेशरम सगळ्यात दाट आहे, ती दोन वर्षं त्यांच्या आणि मोहल्ल्यातल्या बायांच्या हाती.

बायांचं नाव मुद्दाम घेतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर संस्थांना बरोबर घेऊन हे काम आधीच करून दाखवलं आहे. बेशरम मुळासकट काढणं, उन्हाळ्यात तलावाच्या कडेची कोरडी जमीन नांगरणं, पाऊस आल्यावर तिथे स्थानिक पाणवनस्पती लावणं आणि गावठी माशांना परत जागा करून देणं. तिथल्या वनस्पतींची आणि माशांची ओळख त्या समाजातल्या बायामाणसांकडूनच गोळा झाली. यंत्राने सगळा गाळ खरवडून काढला की झालं पुनरुज्जीवन, असं आपल्याकडे समजतात. 2017 पासूनच्या गाळयुक्त शिवार योजनेत गाळ निघाला, शेताला फायदा झाला, मीही चाळीस ट्रॉल्या टाकल्या. पण तळ सरसकट सपाट खरवडला तर पाणवनस्पतींचे कंदही ट्रॉलीत जातात. गाळ काढताना मधली खोली वाढवा, कडा तशाच राहू द्या, आणि कुठे खणायचं ते पोकलेनवाल्याला नाही, डोंग्यावाल्याला विचारा.

काकांचा डोंगा जुना आहे, त्यांच्या वडिलांचा. एका बाजूला चीर होती, ती डांबर आणि कापड घालून बुजवली. मी एकदा बसलो. काठापासून शंभर हात गेलो असू, काकांनी बांबू रोवला आणि मला धरायला दिला. वरचा हातभर चिखल लोण्यासारखा आणि त्याखाली एकदम कडक. "हा वरचा तुमच्या बांध्यांतला," म्हणाले, "युरिया टाकता ना, तो इथं येऊन बसते." वरच्या बाजूलाही आता जंगल तोडून शेतं झाली आहेत, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी काही बोललो नाही. सारसाची जोडी कडेला चरत होती. महाराष्ट्रात सारस उरलेत ते मुख्यतः या धानपट्ट्यात, आमच्या गोंदियाकडेच, तेही मोजके.

यंदा दक्षिण कडेवरचं बेशरम निम्मं निघालं आहे. कापून उपयोग नाही, कांडी पाण्यात पडली की पुन्हा फुटते, म्हणून उपटून पाळीच्या बाहेर वाळवून जाळतात. गेटचं मात्र अडलं आहे. काकांचं म्हणणं, गेटच्या आत जुन्या शेवटच्या भोकाच्या उंचीची दगडी आडभिंत घालावी, म्हणजे त्याखालचं पाणी कोणालाच काढता येणार नाही. उन्हाळी धानवाले सात जण विरोधात आहेत आणि त्यातले दोघं माझे सख्खे चुलतभाऊ. मी स्वतः यंदा उन्हाळी धान न घेता त्या चार एकरांत हरभरा आणि जवस घेतलं. पाणी वाचलं, पैसा थोडा कमी आला, खोटं सांगत नाही. पाऊस पडायच्या आत ग्रामसभा आहे. ज्यांच्या गावच्या तलावावर जुना दगडी तुडुम अजून शाबूत असेल त्यांनी त्याच्या शेवटच्या भोकाची तळापासूनची उंची मोजून कळवावी, सभेत दाखवायला उपयोगी पडेल.